कफ पातळ करणारं औषध: बाटलीवरच्या बारीक अक्षरांपासून कफ बाहेर पडेपर्यंत

मेडिकलच्या काउंटरवर 'खोकल्याचं औषध द्या' एवढंच सांगितलं, तर हातात पडणारी बाटली दोनपैकी कुठल्याही जातीची असू शकते. एक जात छातीतला चिकट कफ पातळ करते, म्हणजे तो खोकून बाहेर काढता यावा. दुसरी जात खोकलाच दाबून टाकते. दोन्हींचा रंग लालसर, चव गोड आणि नावं कानाला सारखीच. कामं मात्र एकमेकांच्या विरुद्ध.

इथे विषय पहिल्या जातीचा: अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, असेटिलसिस्टीन, कार्बोसिस्टीन. डोसचे आकडे दिले आहेत ते लेबल आणि डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचता यावी म्हणून. चिठ्ठीत वेगळा आकडा असेल तर चिठ्ठीतलाच पाळायचा, आणि फरक का आहे ते डॉक्टरांना विचारायचं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही औषधं कफ फक्त सैल करतात. तो बाहेर काढायचं काम खोकल्याचं, म्हणजे तुमचंच. ज्याला नीट खोकता येत नाही त्याच्या छातीतला कफ पातळ करणं म्हणजे विहिरीत पाणी वाढवून बादली काढून घेणं. पुढच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतूनच निघतात.

खोकला ओला की सुका

ओल्या खोकल्यात छातीत खुळखुळ जाणवते, खोकल्यावर काहीतरी वर सरकतं, बेडका पडतो किंवा अर्ध्यावर अडकून राहतो. कफ पातळ करणारं औषध याच्यासाठी. सुक्या खोकल्यात घशात खवखव होते, उबळ येते, पण हाती काही लागत नाही. तिथे पातळ करायला काही नसतंच.

सुका खोकला आठवडेच्या आठवडे रेंगाळत असेल तर आधी रक्तदाबाच्या गोळीचं नाव पाहा. ज्या औषधाच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं (रामिप्रिल, एनालाप्रिल), त्या गटाने काही जणांना कोरडा खोकला लागतो. तो कुठल्याही सिरपने जात नाही, डॉक्टरांनी गोळी बदलली की हळूहळू थांबतो. दमा आणि पोटातलं आम्ल वर येणं ही सुक्या खोकल्याची आणखी दोन नेहमीची कारणं.

तिसरा प्रकार फसवा. नाकाचा शेंबूड मागच्या मागे घशात उतरतो, सकाळी उठल्यावर खाकरावं लागतं आणि माणसाला वाटतं छाती भरली आहे. छाती मोकळी असते. इलाज नाकाचा करायचा असतो.

बाटली फिरवा आणि घटक वाचा

समोरचं मोठं नाव कंपनीचं असतं. आपल्याला हवी ती माहिती मागच्या किंवा बाजूच्या बारीक अक्षरांत असते: 'प्रत्येक ५ मि.लि.मध्ये' अशा अर्थाची ओळ आणि खाली घटक. नुसतं नाव पाहून घेऊ नका, कारण एकाच नावाच्या पुढे एक-दोन अक्षरं बदलली की आतलं औषध पूर्ण बदलतं.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कोडीन किंवा नॉस्कॅपिन दिसलं तर ते खोकला दाबणारं औषध. क्लोरफेनिरामाइन किंवा डायफेनहायड्रामाइन ही ॲलर्जीची औषधं. झोप आणतात आणि स्राव सुकवतात. छातीत कफ असताना अँब्रॉक्सॉलने तो सैल करायचा आणि त्याच वेळी डेक्स्ट्रोमेथॉर्फनने खोकला बंद करायचा, हा प्रकार घरोघरी चालतो: दिवसा एक बाटली, रात्री 'झोप लागावी म्हणून' दुसरी. सैल झालेला कफ मग रात्रभर खालीच साचतो.

आता कफ पातळ करणाऱ्या बाटल्या. बाजारात खूप चालणाऱ्या एका मिश्रणात ५ मि.लि.ला अँब्रॉक्सॉल ३० मि.ग्रॅ., ग्वायफेनेसिन (हेही कफ सैल करणारं) ५० मि.ग्रॅ. आणि लेव्होसाल्बुटामॉल १ मि.ग्रॅ. असतं. दुसऱ्या एका जुन्या मिश्रणात ब्रोमहेक्सिनच्या जोडीला टर्ब्युटालिन असतं. लेव्होसाल्बुटामॉल आणि टर्ब्युटालिन ही कफाची औषधं नव्हेत. ती श्वासनलिका रुंद करतात, म्हणजे काम दम्याच्या पंपाचं. सिरप घेतल्यावर हात थरथरतात, छातीत धडधडतं, झोप उडते, ते यांच्यामुळे. धाप किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज नसेल तर हा घटक बहुतेकांना नुसताच त्रास देतो. ज्यांचा पंप आधीच चालू आहे त्यांना तोच परिणाम दुप्पट मिळतो. हृदयाचे ठोके अनियमित असणारे, थायरॉईड वाढलेले आणि मधुमेही यांनी तर ही ओळ वाचल्याशिवाय बाटली उघडूच नये.

आणखी एक घोळ. ब्रोमहेक्सिनचं शरीरात गेल्यावर अँब्रॉक्सॉल होतं. ब्रोमहेक्सिनचं सिरप आणि अँब्रॉक्सॉलची गोळी एकत्र घेणं म्हणजे तेच औषध दोनदा घेणं. ब्रोमहेक्सिन मुळात तयार झालं ते अडुळशातल्या व्हॅसिसिन या अल्कलॉइडवरून, त्यामुळे आजीचा अडुळशाचा काढा आणि ही गोळी नात्याने तशा दूरच्या नाहीत. काढ्यात व्हॅसिसिन किती उतरलं हे मात्र कोणी सांगू शकत नाही. व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदरपणात अडुळसा नको, घरचा असला तरी.

प्रौढांसाठी: शक्यतो गोळी

गिळायला अडचण नसेल तर प्रौढांनी सिरपपेक्षा गोळी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. डोस नेमका जातो, साखर नसते, नको ते मिश्रण टळतं. चौथं कारण जास्त गंभीर. सिरपमध्ये औषध विरघळवायला ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल असले द्रव वापरतात. त्यांत डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळलं गेलं तर मूत्रपिंडं निकामी होतात. मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात अशा भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले आणि न्या. लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. जवळपास ४० वर्षांनी, २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपमधल्या त्याच रसायनाने लहान मुलं गेली. गोळीत हे द्रव लागतच नाहीत.

अँब्रॉक्सॉलची साधी गोळी ३० मि.ग्रॅ.ची असते. नेहमीची पद्धत पहिले २-३ दिवस दिवसातून ३ वेळा, नंतर २ वेळा, जेवणानंतर. ७५ मि.ग्रॅ.ची कॅप्सूल हळूहळू सुटणारी असते. ती दिवसातून एकदाच, अख्खी गिळायची. ती उघडून आतले दाणे पाण्यात ढवळले तर दिवसभराचा डोस एकदम सुटण्याचा धोका असतो. ब्रोमहेक्सिनची गोळी ८ मि.ग्रॅ.ची, दिवसातून ३ वेळा. कार्बोसिस्टीनची कॅप्सूल ३७५ मि.ग्रॅ.ची; सुरुवातीला २ कॅप्सूल ३ वेळा, आराम पडू लागला की दिवसाला एकूण ४ कॅप्सूलवर आणतात.

अँब्रॉक्सॉलने जीभ किंवा घसा थोडा बधिर वाटला किंवा चव बदलली तर घाबरू नका. या औषधाला भूल देण्याचा सौम्य गुण आहे, म्हणून ते घशाच्या चघळायच्या गोळ्यांतही वापरतात.

असेटिलसिस्टीनचं तंत्र वेगळं आहे. कफाचा चिकटपणा म्युसिन नावाच्या लांबलचक प्रथिनांचा असतो. हे धागे एकमेकांना गंधकाच्या बंधांनी जोडलेले असतात. असेटिलसिस्टीन ते बंध तोडतं, जाळं सुटतं आणि कफ वाहता होतो. (पॅरासिटामॉलची विषबाधा झाल्यावर रुग्णालयात उतारा म्हणून देतात तेही हेच औषध, पण तो डोस आणि तो प्रसंग अगदी निराळा.) बहुतेक वेळा ते ६०० मि.ग्रॅ.च्या फसफसणाऱ्या गोळीच्या रूपात मिळतं, दिवसातून एकदा. घ्यायची रीत अशी:

१. काचेच्या पेल्यात अर्धा पेला साधं पाणी घ्या. तांब्याचं भांडं नको; तांबं, लोखंड आणि रबर यांच्याशी या औषधाची प्रतिक्रिया होते.

२. हात कोरडे करून गोळी काढा आणि पाण्यात सोडा. चघळायची नाही, गिळायची नाही, जिभेवर ठेवायची नाही.

३. फसफस पूर्ण थांबू द्या, मग लगेच पिऊन टाका. विरघळवून ठेवून संध्याकाळी प्यायचं नाही.

४. त्याच पाण्यात दुसरं कुठलंही औषध घालू नका.

५. तोंडाने घ्यायचं अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्हींत किमान २ तासांचं अंतर ठेवा.

गोळीला सडक्या अंड्यासारखा हलका वास येतो. तो गंधकाचा, गोळी खराब झाल्याचा नव्हे. खराब गोळी वेगळी ओळखू येते: मऊ पडते, फुगते, पाकीट उघडताना चुरा होतो. कोकणात पावसाळ्यात हे सर्रास होतं, म्हणून नळीचं झाकण घट्ट लावा आणि ओलसर स्वयंपाकघरात नळी ठेवू नका. फसफसणाऱ्या गोळीत सोडियमही बरंच असतं. काही ब्रँडमध्ये एकाच गोळीत १०० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त. मीठ तोडायला सांगितलेल्या माणसाने हे डॉक्टरांच्या कानावर घालावं.

दिवसातला शेवटचा डोस झोपताना घेऊ नका. कफ सैल होईल आणि नेमके तुम्ही आडवे असाल. शेवटची गोळी संध्याकाळपर्यंत उरका, म्हणजे झोपायच्या आधी छाती मोकळी करायला वेळ मिळतो.

सिरपच घ्यायचं असेल तर

घरातल्या चमच्याने मोजू नका. पोह्यांचा चमचा, चहाचा चमचा, मिसळणाच्या डब्यातला चमचा, सगळ्यांत वेगवेगळं औषध मावतं आणि फरक सहज दुपटीपर्यंत जातो. बाटलीसोबतचं मापाचं झाकण वापरा. त्याहून बरी म्हणजे सुई नसलेली, तोंडाने औषध द्यायची सिरिंज. झाकण सपाट जागी ठेवून, डोळे रेघेच्या पातळीला आणून ओता. हातात उंच धरून खालून पाहिलं की माप चुकतं. ओतण्याआधी लेबलवर सांगितलं असेल तर बाटली हलवा. बाटली फोडल्याची तारीख पेनाने लेबलवर लिहा. उघडल्यावर किती दिवसांत संपवायची ते लेबलवर पाहा, आणि गेल्या पावसाळ्यातली अर्धी बाटली यंदा काढू नका. मधुमेह्यांनी साखरविरहित सिरप मागावं. बिल आणि बॅच क्रमांक औषध संपेपर्यंत जपून ठेवा. एखादी बॅच सदोष निघाल्याची बातमी आली तर ताडून पाहायला तेवढंच हाताशी असतं.

लहान मुलं

दोन वर्षांखालच्या मुलाला ही औषधं द्यायची नाहीत. बाळाच्या श्वासनलिका अरुंद असतात, खोकला कमकुवत असतो आणि सैल झालेला भरपूर कफ त्याला बाहेर काढता येत नाही. फ्रान्सने २०१० मध्ये असेटिलसिस्टीन आणि कार्बोसिस्टीन दोन वर्षांखालील मुलांसाठी वर्ज्य ठरवलं ते श्वसनाच्या अशाच तक्रारींमुळे. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा देऊ नयेत.

त्या वरच्या वयात बालरोगतज्ज्ञांनी दिलंच, तर सगळ्यात मोठी चूक होते ती ड्रॉप्स आणि सिरप यांच्या घोळाची. ड्रॉप्स छोट्या बाटलीत, छोट्या बाळांसाठी, म्हणून ते सौम्य असणार असं वाटतं. उलट आहे. हिशेब करून पाहा. मुलांच्या अँब्रॉक्सॉल सिरपमध्ये ५ मि.लि.ला १५ मि.ग्रॅ., म्हणजे १ मि.लि.ला ३ मि.ग्रॅ. असतं. मोठ्यांच्या सिरपमध्ये १ मि.लि.ला ६ मि.ग्रॅ. आणि ड्रॉप्समध्ये १ मि.लि.ला साडेसात. ड्रॉप्स मोठ्यांच्या सिरपपेक्षाही तीव्र! चिठ्ठीवरचे 'अडीच मि.लि.' सिरपचे असताना घरात शिल्लक पडलेल्या ड्रॉप्सचे दिले, तर मुलाला अडीच पट औषध जातं. म्हणून डॉक्टरांना डोस मि.लि.मध्ये आणि बाटलीच्या तीव्रतेसकट लिहून द्यायला सांगा. मेडिकलवाल्याने 'हेच आहे, फक्त कंपनी वेगळी' म्हणत दुसरी बाटली दिली तर ५ मि.लि.चा आकडा जुळवून मगच पैसे द्या.

बाळाला औषधाऐवजी काय? नाकात सलाइनचे थेंब, वारंवार थोडं थोडं अंगावरचं दूध, मोठ्या मुलाला कोमट पाणी. एक वर्षाच्या पुढे खोकल्याला अर्धा चमचा मध चालतो. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो.

आणि श्वास मोजा. बाळ शांत असताना पोटाची वर-खाली पूर्ण एक मिनिट मोजायची. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त: असा आकडा आला तर न्यूमोनियाची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल तर सरळ रुग्णालय. मुलाचं सिरप चालू आहे आणि लघवी एकदम कमी झाली, उलट्या सुरू झाल्या, मूल सुस्तावलं, तर सिरप थांबवा आणि बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा.

कफ बाहेर काढायचं तंत्र

बहुतेक लोक इथेच कमी पडतात आणि दोष गोळीला देतात. जोरजोरात, एकामागून एक खोकल्याने श्वासनलिका दाबल्या जातात, माणूस दमतो आणि कफ तिथेच राहतो. फिजिओथेरपिस्ट शिकवतात ती रीत वेगळी असते. तिला 'हफ' म्हणतात. दोन जेवणांच्या मध्ये, पोट भरलेलं नसताना करा.

१. खुर्चीत ताठ बसा, पाय जमिनीवर, खांदे सैल. पाच-सहा श्वास पोटातून, आरामात.

२. मग तीन-चार खोल श्वास. प्रत्येक श्वास वर २-३ सेकंद रोखा, म्हणजे हवा कफाच्या मागे पोचते. सोडताना जोर नको.

३. पुन्हा थोडा वेळ साधा श्वास. ही पायरी गाळू नका, नाहीतर नलिका आवळतात.

४. मध्यम श्वास घ्या, तोंड मोठं उघडा आणि चष्म्याच्या काचेवर वाफ धरतो तसा 'हाऽऽ' करत हवा लांबवर, सलग बाहेर सोडा. घसा आवळायचा नाही. एक-दोनदाच.

५. कफ वर सरकल्याची खुळखुळ वरच्या छातीत ऐकू आली की मोठा श्वास घेऊन छोटा, जोरकस 'हा', आणि मग एकच खोकला. कफ थुंकून टाका.

६. १० ते १५ मिनिटं ही आवर्तनं करा. दोन वेळा कोरडा हफ आला की थांबा.

चक्कर आली तर तुम्ही फार वेगाने करताय. छातीत शिट्टी वाजू लागली तर पायरी ३ वाढवा आणि पंप सांगितलेला असेल तर तो आधी घ्या. पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालेलं असेल तर उशी टाक्यांवर घट्ट धरून खोका.

पाणी हवंच. दिवसभर घोट घोट कोमट पाणी, पातळ वरण, सूप, जे जाईल ते. पण हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तो नियम कफासाठी मोडायचा नाही. दुधाने कफ वाढतो ही समजूत पक्की रुजली आहे. प्रत्यक्षात दूध प्याल्यावर लाळ घट्ट लागते, छातीतला कफ वाढत नाही; दमेकऱ्याच्या तोंडचं दूध उगाच काढू नका. वाफाऱ्याने नाक मोकळं होतं, फुप्फुसातला कफ काही वितळत नाही. मुलांना उकळत्या पातेल्यासमोर चादरीखाली बसवणं तर बंदच करा, भाजण्याचे अपघात असेच होतात.

नेब्युलायझरमध्ये काय घालायचं, काय नाही

नेब्युलायझरच्या कपात फक्त नेब्युलायझरसाठी बनवलेलं निर्जंतुक द्रावणच जातं. खोकल्याचं सिरप, पाण्यात विरघळवलेली गोळी, नळाचं पाणी, निलगिरीचं तेल यांतलं काहीही नाही. साखर आणि तेल फुप्फुसात गेलं की नवा आजार मागे लागतो.

ब्रॉंकिएक्टॅसिससारख्या आजारात (यात श्वासनलिका कायमच्या रुंद होतात आणि त्यांत कफ साचतो), जो आपल्याकडे जुन्या क्षयानंतर अनेकांना उरतो, तज्ज्ञ कधीकधी ३ टक्के मिठाचं द्रावण देतात, सहसा एका वेळी ४ मि.लि. हे पाणी खेचून घेऊन कफ ओला करतं, पण त्याच मिठाने श्वासनलिका आवळूही शकते. त्यामुळे पहिला डोस दवाखान्यातच, आणि घरी दर वेळी १०-१५ मिनिटं आधी पंप. ताठ बसून, शक्यतो मास्कऐवजी माउथपीसमधून, तोंडाने संथ श्वास घ्या. फडफड आवाज येऊ लागला की द्रावण संपलं. त्यानंतर लगेच हफ करा, नाहीतर सगळा खटाटोप वाया. हे द्रावण घरी मीठ घालून करायचं नसतं.

असेटिलसिस्टीनचं नेब्युलायझेशन आम्ही घरी सुचवणार नाही. दम्याच्या रुग्णात त्याने अचानक श्वास आवळतो. शिवाय कफ एकदम इतका सुटतो की तो ओढून काढायला सक्शन हाताशी लागतं.

दर वापरानंतर कप आणि माउथपीस कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, खळखळून स्वच्छ पाण्याने काढा, झटकून स्वच्छ फडक्यावर उघड्यावर वाळवा. नळी आतून धुऊ नका. ती वाळत नाही. उकळून निर्जंतुक करायचं की नाही ते यंत्राच्या पुस्तिकेत पाहा, कारण काही कप उकळत्या पाण्यात वाकतात.

कोणी विचारल्याशिवाय घेऊ नये

पक्षाघातानंतर गिळायला त्रास असणारे, अंथरुणाला खिळलेले, स्नायू कमजोर करणाऱ्या आजाराचे रुग्ण: यांना खोकला पुरेसा येत नाही, विहिरीचं उदाहरण यांच्यासाठीच दिलं. पोटात व्रण असेल तर कार्बोसिस्टीन टाळा आणि असेटिलसिस्टीन, अँब्रॉक्सॉल विचारून घ्या, कारण पोटाच्या अस्तरावरचा संरक्षक थरही श्लेष्माचाच असतो आणि तोही पातळ होऊ शकतो. दमेकऱ्यांनी असेटिलसिस्टीनचे पहिले डोस सावधपणे घ्यावेत. छातीत दुखल्यावर जिभेखाली नायट्रोग्लिसरीन ठेवणाऱ्यांचा रक्तदाब असेटिलसिस्टीनसोबत फार उतरू शकतो आणि डोकं ठणकतं. फिटसाठी कार्बामाझेपिन चालू असेल तर तेही सांगा. मूत्रपिंड किंवा यकृताचा तीव्र आजार असेल तर डोस बदलावा लागतो. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, आणि स्तनपान चालू असताना अँब्रॉक्सॉल स्वतःहून नको.

थांबायचं कधी, धावायचं कधी

साध्या सर्दी-खोकल्यात ४-५ दिवसांत फरक पडला नाही तर दुसरी बाटली आणू नका, डॉक्टरांकडे जा. सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लावणारा जुनाट आजार) रुग्णाला हेच औषध महिनोन्महिने दिलं जातं, पण तो निर्णय तज्ज्ञाचा. शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून घ्यायचा नव्हे.

अंगावर पुरळ, ओठ किंवा तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलवटणं यातलं काही दिसलं की औषध तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. युरोपीय औषध नियंत्रकांनी २०१५ मध्ये अँब्रॉक्सॉल आणि ब्रोमहेक्सिनच्या माहितीपत्रकात त्वचेच्या अशा गंभीर प्रतिक्रियांचा इशारा जोडायला सांगितला. हे क्वचित घडतं, पण घडल्यावर 'उष्णता बाहेर पडतेय' म्हणून वाट पाहण्याची गोष्ट नाही. चेहरा किंवा जीभ सुजणं, औषधानंतर धाप वाढणं हेही तसंच.

कफात रक्त, ताप न उतरणं, बसल्या जागी धाप, ओठ निळसर, ऑक्सिमीटरवर ९४च्या खाली आकडा: यांत कफ पातळ करत बसू नका. (सीओपीडीच्या जुन्या रुग्णाचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, त्याने आपल्या नेहमीच्या आकड्याशी तुलना करावी.) आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर, सिरपने थोडं बरं वाटत असलं तरी, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची क्षयासाठी तपासणी करून घ्या. ती मोफत आहे. नमुना देताना लाळ नको, छातीतून आलेला कफ हवा, आणि तो काढायला वरचं हफचं तंत्र सकाळी उठल्या उठल्या उत्तम चालतं.